बाहेरचं पाहा

३ नोव्हेंबर, सकाळ

निर्णय घेतला. घर विकायचं. वर्षाच्या आत, आणि कोणाला कळू न देता.

यापुढे वहीत 'विक्री' हा शब्द लिहायचा नाही. 'ते काम' लिहायचं. वही स्वयंपाकघरातल्या फळीवर असते, कोणाच्या नजरेस पडेल सांगता येत नाही. घरात मी एकटाच असतो, पण खबरदारी ती खबरदारी.

कारणं पूर्णपणे प्रॅक्टिकल. मोहाडीसारख्या गावात एका माणसाला चार खोल्या आणि एवढं आंगण लागत नाही. शिवाय गुडघे. शिवाय मागची नाली, सारखी तुंबते. बायकोला, देवकाला, जाऊन १५ डिसेंबरला वर्ष होईल, त्याचा याच्याशी संबंध नाही. वर्षश्राद्धाच्या आत घर रिकामं झालं तर पाहुण्यांची सोय करावी लागणार नाही, एवढंच.

पुढचंही ठरलं आहे. भंडाऱ्याला एक खोली, शांत गल्लीत. या घरात आवाज फार.

एस.टी.त वाहतूक नियंत्रक होतो. सगळी नोकरी फलाटावर उभं राहून गाड्या सोडण्यात गेली. एक घर सोडणं मला जड जाऊ नये.

५ नोव्हेंबर

मार्ग तीन आहेत. इंटरनेटवर जाहिरात, 'सात दिवसांत घर घेतो' म्हणणाऱ्या कंपन्या, आणि दलाल. दलालाला सांगणं म्हणजे गावभर दवंडी, म्हणून तो शेवटी.

मोबाइलवर फोटो काढला. समोरून काढला तर कोणीही ओळखेल, म्हणून मागून. नाली, पाण्याची टाकी आणि स्वयंपाकघराची खिडकी. फोटो मोठा करून पाहिला तर खिडकीत हिरवं काहीतरी उभं होतं.

थोडा वेळ ओट्यावर बसलो. ऊन लागलं असावं. मग आत जाऊन पाहिलं. दोरीवर देवकाचं हिरवं पातळ वाळत होतं. मधूनमधून मीच धुवून टाकतो, कपड्याला कसर लागू नये म्हणून. आज धुतल्याचं मात्र लक्षात नव्हतं.

खिडकी कापून फोटो टाकला. उरली नाली आणि टाकी. नाव नाही, पत्ता नाही. अशी सावध जाहिरात त्या साइटवर दुसरी नसेल.

संध्याकाळ. एक प्रतिसाद आला. टाकी केवढ्याला देणार म्हणून विचारलं आहे.

७ नोव्हेंबर

सात दिवसांवाल्या कंपनीतून रीना नावाच्या मुलीचा फोन. फार गोड बोलते. प्रॉपर्टी कुठे आहे म्हणून हिंदीत विचारलं. मोहाडी म्हणालो. तिने मोहाली ऐकलं आणि तिला आनंद झाला, तिकडे म्हणे मागणी जोरात आहे. दुपारी तिच्या माणसाचा फोन. सर, गेट उघडा, मी बाहेर उभा आहे. तो पंजाबात कोणाच्या तरी फाटकासमोर उभा होता. मी इकडे सवयीने फाटक उघडलंही.

दुसरा मार्ग बंद.

फोन सगळे आंगणाच्या टोकाला, सीताफळाखाली उभं राहून घेतले. भिंतीपलीकडे विमलाबाई राहतात आणि त्यांचे कान तिखट आहेत, तरी तिथेच बरं. स्वयंपाकघरात बोललं की आवाज घुमतो.

९ नोव्हेंबर

नाइलाजाने सुखराम. हा माणूस जमीन, बैल, लग्नं, ट्रॅक्टर, सगळ्यात दलाली करतो. बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर गाठला. आवाज खाली ठेवून मोजक्या शब्दांत सांगितलं. घराचं आहे. गावातलं नको. बाहेरचं पाहा. गुपचूप आणि लवकर.

सुखरामने कप खाली ठेवला. इतका गंभीर मी त्याला कधी पाहिला नव्हता. कधीपासून, असं विचारलं. दिवाळीपासून डोक्यात आहे म्हणालो. मग विचारलं, रातीचं की दिवसा. मला वाटलं गिऱ्हाईक कधी आणू म्हणतोय. दिवसाच, चारच्या सुमारास, स्वयंपाकघरात असतो तेव्हा, असं सांगितलं. चारचा चहा मी घरीच घेतो. सुखराम म्हणाला, बापा, दिवसाढवळ्या. आणि माझा हात धरला. तुमसरकडचा एक माणूस त्याच्या ओळखीचा आहे, मोठमोठी घरं त्याने मोकळी करून दिली आहेत.

मोकळं घर हीच तर माझी अट. म्हणालो, आणा.

व्यवहार कसा बोलावा हे चारचौघांनी माझ्याकडून शिकावं.

टपरीवर बसलो असताना भंडारा गाडी लागली. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून देवका दर आठवड्याला भंडाऱ्याला जायची, काम असो नसो. मी म्हणायचो, कंडक्टर माझ्या ओळखीचा आहे, बोलतो. ती ऐकायची नाही. 'एक महिला, भंडारा,' असं सगळ्या गाडीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगून स्वतःचं तिकीट काढायची. आज उगीच आठवलं.

१२ नोव्हेंबर, संध्याकाळ

पार्टी येऊन गेली. सविस्तर लिहून ठेवतो, म्हणजे दोष कोणाचा ते स्पष्ट राहील.

सुखरामसोबत एक वाळका माणूस. कपाळभर कुंकू, खांद्याला कापडी पिशवी. कपड्यांवरून माणूस जोखू नये, असेच लोक रोखीने घर घेतात. उंबऱ्यावर डोळे मिटून बराच वेळ उभा राहिला. मग प्रत्येक कोपऱ्याचा वास घेतला. मी सांगितलं, ओल नाही. घर कोणी बांधलं म्हणून विचारलं. खरं तेच सांगितलं. पैसा माझा, बांधलं देवकाने. भिंतींवर सकाळ-संध्याकाळ पाणी तिने मारलं, गवंड्याशी भांडली ती, खिडकी इथंच पाहिजे म्हणून अडून बसली ती. मी ड्युटीवर होतो.

मग विचारलं, बाई घरातच गेली का. प्रश्न जरा खासगी होता. पण हल्लीच्या खरीदाराला टायटल क्लिअर लागतं. हो म्हणालो.

स्वयंपाकघरात तो पाण्याच्या पितळी गुंडापाशी थांबला. लग्नानंतर पहिल्या वर्षी भंडाऱ्याला घेतलेला गुंड. देवका रोज सकाळी तो घासून भरायची. आता मी कॅनचं पाणी पितो, गुंड नुसता जागेवर असतो. त्याच्यावर हात ठेवून माणूस म्हणाला, हाय, इथं हाय. मी म्हणालो, हो, नळाची लाइन इथंच आहे, पाणी दोन्ही वेळ येतं.

ठेवाचं का सोडाचं, त्याने विचारलं. मी म्हणालो, गुंड मी नेणार, बाकी सगळं सोडणार. त्याने मान हलवली.

"सगडं सोडा लागते, काकाजी. अर्धं सोडून होत नाई."

मला वाटलं भाव पाडतोय. मग त्याने लिंबू आणि काळी कोंबडी मागितली. म्हणालो, आपण चहाच घेऊ. तेव्हा कुठे सुखरामने मला बाजूला नेलं.

आता लिहायलाही लाज वाटते. मी 'बाहेरचं पाहा' म्हणालो म्हणजे बाहेरगावचं गिऱ्हाईक पाहा. सुखराम समजला, घरात बाहेरचं झालं आहे, बाहेरची बाधा आहे, ती पाहणारा आणा. तो माणूस खरीदार नव्हता. भुतं काढणारा होता.

दोघांनाही बाहेर काढलं. मी विज्ञान मानणारा माणूस आहे. जाताजाता तो फाटकापाशी वळला.

"बाई घरातच हाय, काकाजी. तिले कोनी काई सांगतलंच नाई."

फाटक लावून घेतलं. चहा केला. दूध जास्त होतं म्हणून दोन कप झाला. दुसरा कप पीत असताना गुंडावरची झाकणी वाजली. पितळ थंड होताना वाजतं. फिजिक्स आहे.

१४ नोव्हेंबर

गावभर झालं. शेजारच्या गावी मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा होती, नाटकाला अर्धी मोहाडी गेली होती. तिथे म्हणे मध्यंतरात माझ्याच घराची चर्चा. दूधवाला आता फाटकावर पिशवी अडकवून पळतो. विमलाबाईंनी भिंतीवरून अंगाऱ्याची पुडी दिली आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, देवका मायाळू होती, तरास नाई द्याची कोनाले.

दुपारी नागपूरहून हर्षाचा फोन. माझी मुलगी शिकलेली आहे, बँकेत आहे, तरी पहिला प्रश्न हाच, की विमलाकाकू बाहेरचं काय म्हणतात. मी सांगणार होतो की सुखरामची समजण्यात चूक झाली. पण मग ती विचारणार, तुम्ही बाहेरचं म्हणजे नक्की काय पाहायला सांगितलं होतं. म्हणजे 'ते काम' फुटणार. क्षणभर विचार केला आणि म्हणालो, आहे थोडंसं.

गुप्ततेसाठी एवढा त्याग करावा लागतो.  हर्षाने बीपीची गोळी घेता ना म्हणून विचारलं.

१७ नोव्हेंबर

सुखरामला आता नीट, फोड करून सांगितलं आहे. गिऱ्हाईक. माणूस. जिवंत. घर घेणारा. तो म्हणाला, पयलेच सांगाचं ना.

खरंच दोन गिऱ्हाइकं आणली. पहिलं टपरीवर चहा प्यायला थांबलं आणि तिथूनच परत गेलं. दुसरं आंगणापर्यंत आलं, तेवढ्यात विमलाबाईंनी भिंतीवरून नमस्कार केला. त्याला नाही, घराला. गिऱ्हाइकाला अचानक काम आठवलं.

आज सकाळी गुंड भरलेला होता. काठोकाठ. दारं आतून बंद. मी चौकशी केली, म्हणजे घरभर फिरलो. कोणी नाही. सदऱ्याची उजवी बाही कोपरापर्यंत ओली झाली होती, ती कुठे लागली कोण जाणे. थंडीत कपडे वाळत नाहीत.

पाणी फेकून दिलं नाही. पाणी वाया घालवू नये. त्यातलंच प्यालो. कॅनपेक्षा गोड लागलं.

२० नोव्हेंबर

शास्त्रीय पद्धतीने छडा लावायचं ठरवलं. चारला स्वयंपाकघरात टेबलाशी बसलो, वही आणि पेन घेऊन. चहा उकळला आणि बांगड्या वाजल्या. बारीक, थांबून थांबून, कोणी भाजी चिरत असल्यासारख्या. मी उठलो नाही. घाबरलो नव्हतो, गुडघे आखडले होते.

मग लक्षात आलं. देवकाच्या बांगड्यांचा स्टीलचा डबा फ्रिजवर आहे. जुना फ्रिज सुरू झाला की थरथरतो, डबाही थरथरतो. अंधश्रद्धा अशाच पसरतात.

२१ नोव्हेंबर

डबा टेबलावर ठेवून पाहिला. फ्रिज सुरू झाला, आवाज नाही. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला, आवाज नाही. संध्याकाळपर्यंत एकदाही नाही.

सिद्ध झालं.

डबा परत फ्रिजवर ठेवला. टेबलावर जागा अडते.

२४ नोव्हेंबर

तेजराम आणि सत्यभामा. चिखल्याहून आले. सुखरामने नाही आणले, त्यांनीच टपरीवर ऐकलं की मोहाडीत एक भुताचं घर निघालं आहे आणि कोणी घेत नाही. म्हणजे माझी बदनामीच शेवटी कामाला आली. तसं काहीसं माझ्या मनात होतंच.

तेजराम मॅंगनीजच्या खाणीत होता. निवृत्त झाला, कंपनीचं क्वार्टर तीन आठवड्यांत सोडायचं आहे. मुलगा सुगत पुण्याला नोकरीत. मी आडपडदा न ठेवता विचारलं, घराबद्दल लोक बोलतात ते माहीत आहे ना.

"आमी बौद्ध हाओ, घनश्यामजी. भूत नाई, भगत नाई, ते सारं आमच्या बापानंच सोडलं. आन् माही जिंदगी जमिनीखाली गेली. तिथं नाई दिसलं कोनी, तं इथं उजेडात काय दिसन?"

हे वाक्य मला फार आवडलं. माझेच विचार.

सत्यभामाबाईंनी घर पाहिलं ते बाईमाणसाने पाहावं तसं. ऊन कुठून येतं, धुणं कुठे वाळतं, पाणी कुठे साचतं. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, खिडकी बराबर जागी हाय, कोनं ठेवली. मी सांगितलं. त्या खाली बसल्या, भिंतीला पाठ टेकून, खिडकीकडे तोंड करून. देवका नेमकी तिथंच बसायची. मी बाहेर येऊन तेजरामला नाली दाखवू लागलो.

सौदा ठरला. बाहेरचं गिऱ्हाईक, लवकर, घासाघीस नाही. मी केलेली प्रत्येक गोष्ट बरोबर ठरली.

ते गेल्यावर विमलाबाई भिंतीवरून म्हणाल्या, आता तं खरंच बाहेरचं आणून राहिले गल्लीत. या शब्दाचा हा तिसरा अर्थ. त्यांना उत्तर द्यायला हवं होतं. आत निघून आलो.

२७ नोव्हेंबर

बांधाबांध. बांधताना आवाज होऊ देत नाही. पेट्या पुढच्या खोलीत ठेवतो, स्वयंपाकघर सगळ्यात शेवटी. रद्दीवाल्याला खुणेनेच भाव विचारला. त्याला वाटलं माझा घसा बसला, त्याने मला लवंग दिली.

आज गुंड रिकामा. काल आणि परवाही रिकामा. काहीतरी लागलं असावं मनाला. म्हणजे कोणाच्या, ते नाही सांगता येत. पितळ आहे.

चहा एकच कप झाला. मी मुद्दाम दूध जास्त घातलं होतं, तरी.

२९ नोव्हेंबर

ठरवलं. सौदा मोडायचा. कारण नैतिक आहे. घरात काही असेल आणि मी ते लपवून घर दिलं, तर ती फसवणूक. एस.टी.त असताना मी नादुरुस्त गाडी कधी मार्गावर सोडली नाही.

उद्या चिखल्याला जाऊन तेजरामला सगळं खरं सांगणार. पुरावे: भरलेला गुंड, झाकणी, बांगड्या. बांगड्यांच्या बाबतीत फ्रिजचा उल्लेख टाळायचा, उगाच गोंधळ होतो.

३० नोव्हेंबर, संध्याकाळ

जाऊन आलो.

क्वार्टर अर्धं रिकामं, सामान बांधून दारात. तेजराम खुर्ची शोधायला लागला. मी उभ्यानेच सांगितलं. घरात आहे. खरंच आहे. मी स्वतः ऐकलं आहे. माझ्यासारखा माणूस सांगतो म्हणजे विचार करा. तुमसरकडच्या त्या जाणकारालाही साक्षीला आणतो, असंही बोलून गेलो. तेजराम हसला, पण माझ्यावर नाही. म्हणाला, असन तं राहू द्या, चार खोल्या हायेत, आमी दोघंच. त्याची जायची जागा दुसरी नाही हे मला दिसत होतं. त्याच्याकडे चाव्या परत द्यायची तारीख होती, माझ्याकडे फक्त झाकणी.

सत्यभामाबाई भांडी पोत्यात भरत होत्या. हातातलं काम थांबवलं.

"ती तिथं हाय म्हणता ना, भाऊ? मंग तुमी काहून सोडून जाऊन राहिले तिले?"

मी घड्याळ पाहिलं. म्हणालो, गाडीची वेळ झाली.

गाडीची वेळ झालेली नव्हती. त्या मार्गाचं टाइमटेबल मला पाठ आहे. स्टॉपवर पुष्कळ वेळ बसलो. मॅंगनीजचे ट्रक जात होते, काळी धूळ उडत होती. डोळ्यांत गेली.

सौदा मोडला नाही. शब्द दिला आहे. माणसाला घर लागतं.

२ डिसेंबर

हर्षाला कळलं. सुगत आणि तिच्या बँकेतला कोणीतरी एका वर्गातले निघाले. इतकी काळजी घेऊन शेवटी पुण्यामार्गे बातमी फुटली, याला माझा इलाज नव्हता.

मला वाटलं होतं घरावरून भांडेल. घराबद्दल ती काहीच बोलली नाही. भंडाऱ्याची खोली मात्र नको, नागपूरला या म्हणाली. मी नाही म्हणालो, मला शांतता हवी. मग रडू लागली.

"बाबा, तुमी कोणापासून लपवून राहिले होते? घरात तं तुमीच होते ना."

मी म्हणालो, रेंज जाऊन राहिली. आणि फोन ठेवला. रेंज पूर्ण होती.

९ डिसेंबर

रजिस्ट्री झाली. सह्या, अंगठे, फोटो. फोटोत माझे डोळे मिटलेले आले. बाबू म्हणाला, पुन्हा काढू. म्हणालो, राहू द्या.

फ्रिज, टेबल, कपाट घराबरोबरच दिलं. एका माणसाला एवढं लागत नाही. गुंड आणि बांगड्यांचा डबा माझ्याकडे.

घरी आल्यावर दार उघडलं आणि सवयीने हाक मारणार होतो. मारली नाही.

१२ डिसेंबर, सकाळ

आज दुपारी चावी द्यायची. सगळं आवरलं. एक काम उरलं आहे. भूत वगैरे मी मानत नाही, पण माणूस ज्या घरात राहिला ते सोडताना चार शब्द बोलावेत, ही साधी रीत आहे. प्रॅक्टिकल बाब म्हणून उरकून घेणार. छोटंसं भाषण तयार केलं आहे. मुद्दे: गुडघे, नाली, चार खोल्या.

फ्रिज सकाळीच बंद करून पुसून ठेवला. गुंड भरलेला आहे. आज मीच भरला, हे नमूद करतो.

१२ डिसेंबर, संध्याकाळ. भंडारा

खोलीत आलो.

भाषण झालं नाही. स्वयंपाकघरात उभा राहिलो. खिडकीतून ऊन आत आलं होतं, नेमकं ती बसायची तिथं. नालीपासून सुरुवात करणार होतो, पण तोंडातून भलतंच निघालं. 'देवका, म्या घर विकलं. तुले इचारलं नाई.' एवढंच. आवाज अजिबात घुमला नाही. भिंतीपलीकडे विमलाबाईंचं पाणी ओतणं थांबलं.

वाट पाहिली. झाकणी नाही, बांगड्या नाहीत. रागावली असती तरी चाललं असतं. ती रागावली की भांडी आपटायची, ऐकू यायचं. काहीच आलं नाही. रिकाम्या घरात असतं तेवढंच होतं. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. मी सत्यभामाबाईंच्या हातात चावी दिली. त्यांनी विचारलं, सांगतलं का. मी हो म्हणालो. काय म्हनलं, असं त्यांनी विचारलं नाही, हे त्यांनी बरं केलं.

गाडीत खिडकीची सीट मिळाली. तिथे गुंड ठेवला, मी शेजारी बसलो. पाणी फेकायचं जिवावर आलं होतं, तसाच भरलेला. कंडक्टर नवा पोरगा, मला ओळखत नव्हता. त्याला माझा निवृत्तीचा पास दाखवला. पुढे काय झालं मला कळलं नाही. 'एक महिला, भंडारा' म्हणालो. मोठ्याने, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं.

त्याने पुढे पाहिलं, मागे पाहिलं. मग खिडकीच्या सीटकडे पाहिलं. आणि मशीनमधून लगेजचं तिकीट काढून माझ्या हातात दिलं. म्हणाला, काकाजी, भांडं खाली ठेवा, सवारीले बसाचं हाय.

नियमाप्रमाणे एवढ्या भांड्याला लगेज लागत नाही. हुज्जत घातली नाही. गुंड मांडीवर घेतला. वरठीपर्यंत निम्मं पाणी माझ्या पँटवर सांडलं. उतरताना एका बाईने मुलाला बाजूला ओढलं. लोकांना काय वाटलं असेल ते वाटो.

खोली चांगली आहे. घरमालक शांत म्हणाला होता, खरंच शांत आहे. इतकी की चहा उकळतानाही कळतं. एकच कप केला.

बांगड्यांचा डबा आधी टेबलावर ठेवला. मग खिडकीत ठेवला. मग पलंगावर, उशीजवळ. कुठेच वाजत नाही. या खोलीत हलणारं काही नाही.

उद्या बाजारात जाऊन फ्रिज पाहायचा. नवा नको. जुना, थरथरणारा. हर्षाला सांगायचं नाही.